निवडण विभागाचा दत्तक दोष

अमडापूरच्या शेतकरी डाळ गिरणीत गुणवत्तेचे प्रशिक्षण सुरू झाले त्या सोमवारी गोजरबाईंनी आपली चिठ्ठी कोरी परत केली, आणि पुढच्या साऱ्या गोंधळाला तेथूनच आरंभ झाला.

चिठ्ठी पिवळी होती. पुण्याहून आलेल्या प्रेरणा मॅडमांनी ती प्रत्येक विभागप्रमुखाच्या हाती देऊन सांगितले होते, की आपल्या विभागातला एक दोष तीवर लिहावा; तोच दोष त्या विभागाचा सुधारणा प्रकल्प म्हणून निवडला जाईल. त्यासाठी गोदामातली तुरीच्या कट्ट्यांची थप्पी एका अंगाला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. गोजरबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. खरे तर त्या जेथे बसत तेथूनच पहिली रांग धरली जाई.

"बाई, तुमची चिठ्ठी कोरी आहे," प्रेरणा मॅडम म्हणाल्या.

"कोरी नाही, पूर्ण भरलेली हाये. आमच्या विभागात दोष नाही, तोच तिच्यावर लिहिला नाही."

मागे कोणी हसले. गोजरबाईंनी मान वळवली नाही, पण हसणे थांबले.

गोजरबाईंचा विभाग निवडणीचा. यंत्रातून भरडून आलेली डाळ त्यांच्या सोळा बाया सुपात आणि परातीत घेऊन बसत आणि खडा, काळा दाणा, फोलपट वेचून काढीत. गिरणी उभी राहिली त्या दिवसापासून, म्हणजे एकोणीस वर्षे, गोजरबाई या विभागाच्या प्रमुख होत्या, आणि या एकोणीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या दाताखाली खडा आला नव्हता. एकदा बुलढाण्याची एक बाई हातात खडा घेऊन भांडायला आली होती. तो खडा डाळीतला नसून तिच्या घरच्या तांदळातला आहे हे गोजरबाईंनी नुसत्या रंगावरून सिद्ध करून दाखवले, आणि ती बाई माफी मागून दोन किलो डाळ आणखी घेऊन गेली. अशा विभागाने दोष कोठून आणावा?

गिरणीचा व्यवस्थापक प्रसेनजित हा तोलाईवरच्या इंद्रभानचा मुलगा. अभियांत्रिकी शिकून गावी परतलेला, शहाणा, आणि गोजरबाईंपुढे उभे राहताना अजूनही चप्पल बाहेर काढणारा. मधल्या सुटीत तो त्यांच्यापाशी आला.

"मोठीमाय, थोडी अडचण हाये."

"सांग."

"शनिवारी संचालक मंडळ येऊन राह्यलं. प्रमाणपत्रासाठी प्रत्येक विभागाचा एक प्रकल्प लागते. ज्याच्यात सुधाराले काही नाही, तो विभाग... म्हणजे नियम असा हाये, की सुधाराले काही नसलं तं कागदाच्या हिशेबानं तिथं कामच नाही."

"बरं. मंग कागद आमाले कुठं धरते?"

प्रसेनजितने खाली पाहिले. "शेजारच्या विभागात. भरणीत."

भरणी म्हणजे शालूबाई. निवडलेली डाळ तोलून कट्ट्यांत भरणे आणि तोंडे शिवणे हे तिचे काम. सूप कसे धरावे हे ती गोजरबाईंच्याच हाताखाली शिकली होती आणि पहिले सहा महिने उलटे धरीत होती. तिच्या हुकमाखाली बसायचे, या विचाराने गोजरबाईंनी हातातला चहा न पिताच खाली ठेवला. शनिवारपर्यंत दोष सापडला पाहिजे, नाहीतर एकोणीस वर्षांचे आसन शालूबाईच्या पायापाशी मांडले जाणार, एवढे त्यांना स्पष्ट कळले.

इकडे शालूबाईने प्रेरणा मॅडमांकडे आणखी दहा चिठ्ठ्या मागितल्या होत्या.

"अकरा दोष?" मॅडमांनी विचारले.

"आता सुचले तेवढे. रात्री घरी इचार करतो," शालूबाई विनयाने म्हणाली, आणि तिने गोजरबाईंकडे असे पाहिले, जशी नातवंडांनी घर भरलेली बाई निपुत्रिकेकडे पाहते.

प्रकल्प निवडण्याच्या चार कसोट्या होत्या: दोष लहान असावा, मोजता यावा, विभागाच्या अखत्यारीतला असावा, आणि तीन महिन्यांत घालवता यावा. कसोटी लावण्याआधी मात्र त्याचे मूळ शोधायचे होते. त्यासाठी पाच वेळा "का?" विचारावे, असे मॅडमांनी शिकवले. गिरणीतल्या लोकांनी त्याला लगेच "पाच काऊन" म्हटले. आमच्याकडे एकाच माणसाला लागोपाठ पाच वेळा काऊन विचारले तर पाचव्याला हातघाई होते, हे मॅडमांना कोणी सांगितले नाही.

यंत्रावरचा भागवत पहिला उभा राहिला. त्याचा दोष म्हणजे यंत्राचा पट्टा वारंवार तुटतो.

"का तुटतो?"

"तेल वेळेवर पडत नाही."

"का पडत नाही?"

"तेलाचा डबा गोपाल हमालापाशी राह्यते."

"मग मागून का घेत नाही?"

"आमी बोलत नाही."

"का बोलत नाही?"

"त्याच्या बहिणीच्या लग्नात, दुसरबीडले, आमच्या गाडीतल्या लोकाईले शेवटच्या पंगतीत बसवलं. वरण सरलं होतं."

मॅडमांनी घाम पुसला. "आणि शेवटच्या पंगतीत का बसवलं?"

"आमी उशिरा पोचलो ना. चिखलीच्या पुढं गाडी बंद पडली."

"कशामुळे?"

"पट्टा तुटला," भागवत म्हणाला, आणि समाधानाने खाली बसला.

मॅडमांनी फळ्यावर काढलेली सरळ रेघ वळवून पहिल्या शब्दाला नेऊन मिळवली आणि बराच वेळ त्या वर्तुळाकडे पाहत राहिल्या.

मंगळवारी सकाळी गोजरबाईंनी आपल्या सोळा बायांना समोर उभे केले.

"आज डाळ निवडायची नाही. दोष निवडायचा. संध्याकाळच्या आत मले एक दोष पाहिजे, चांगला, धडधाकट."

बायांनी पदर खोचले आणि कामाला लागल्या. निवडलेली डाळ पुन्हा निवडली. सुपांच्या काड्या मोजल्या. ताडपत्री उलटी करून पाहिली. कलाबाई, जी पहिल्या दिवसापासून या विभागात होती, तिने भिंतीवरची पाल दोष म्हणून पुढे केली. पण ती पाल यंत्रघरातली असून इकडे फक्त पाहुणी येते, असे निष्पन्न झाले. चार वाजता सर्वजणी रिकाम्या हाताने परत उभ्या राहिल्या.

"सोळा बाया," गोजरबाई कडाडल्या, "सोळा बाया, अन् दिवसभरात एक दोष होत नाही तुमच्याच्यानं! तिकडं शालूच्या सहा पोरी अकरा काढून बसल्या. लाज वाटू द्या."

"मोठीमाय, उद्या मी एक खडा सोडून देऊ का डाळीत?" समताने विचारले. ही सर्वांत धाकटी, बी. ए. झालेली, विभागाची वही लिहिणारी मुलगी.

"खबरदार! खोटा दोष या खात्यात चालणार नाही. खरा पाहिजे."

खरा दोष आपल्या घरी नसेल तर तो दुसऱ्याच्या घरून रीतसर आणावा लागतो, हे गोजरबाईंना त्या संध्याकाळी सुचले. त्यांच्या माहेरी आणि सासरी मिळून तीन दत्तकविधाने झाली होती, आणि तिन्हींत त्या जाणत्या म्हणून बसल्या होत्या. जेथे अपत्य नाही तेथे ज्याच्या घरी अधिक आहेत त्याने द्यावे, यात घेणाऱ्याला कमीपणा नाही. कमीपणा आला तरी तो शनिवारी यायच्या कमीपणापेक्षा पुष्कळ लहान होता.

बुधवारी इरकली लुगडे नेसून, हातात नारळ आणि खडीसाखर घेऊन, कलाबाई आणि समता यांना सोबत घेऊन गोजरबाई भरणी विभागाच्या दारात उभ्या राहिल्या. शालूबाई लगबगीने उठली. एवढ्या वर्षांत गोजरबाईंनी तिचा उंबरा ओलांडला नव्हता.

"या बाई, बसा. काऊन येणं केलं?"

"मागाले आलो. तुह्यापाशी अकरा हायेत. एक आमाले दे."

शालूबाईच्या डोळ्यांत प्रथम विजय चमकला आणि पाठोपाठ पाणी आले. मागणारी बाई दारात आल्यावर देणारीला जे होते तेच तिला झाले.

"कोणता देऊ व बाई? सगळे माह्याच हातचे."

"थोरला."

"थोरला देत नसतेत दत्तक!" शालूबाई एकदम सावध झाली. थोरला म्हणजे कट्ट्यात डाळ पाच-पंचवीस ग्रॅम कमी-अधिक भरली जाणे; हा दोष गिरणीच्या जन्मापासूनचा होता आणि त्याच्यावरच तिची सारी आशा होती. "रीत तुमालेच ठाऊक. धाकटा न्या. शिवण उसवते, तो."

"वय काय?"

"मागच्या दिवाळीचा."

"कूळ?"

"नायलॉनचा दोरा. प्रसेनजितनं आणला तवापासून."

गोजरबाईंनी नाक मुरडले. "सुतळीच्या घराण्यातला असता तं बरं होतं. असो. तब्येत कशी हाये?"

"शंभर कट्ट्यांत नऊ उसवतेत. दहाही होतेत कधी कधी," शालूबाई अभिमानाने म्हणाली.

दत्तकपत्र इंद्रभानने लिहिले, कारण त्याचे अक्षर सुंदर होते आणि तोलाईवर त्या वेळी गाडी नव्हती. भरणी विभागात जन्मलेला शिवण उसवण्याचा दोष आजपासून निवडण विभागाच्या वंशाचा झाला. जन्मदात्या विभागाचा त्यावर हक्क राहिला नाही. मात्र सणावारी पाहण्यास मुभा असावी, असा मजकूर होता. एक उसवलेला कट्टा गोजरबाईंच्या मांडीवर ठेवण्यात आला. कलाबाईने त्याला हळद-कुंकू लावले, सोळा जणींनी खडीसाखर खाल्ली, आणि शालूबाईने पदराने डोळे पुसत सांगितले, "त्याले ओलीत ठेवू नका बाई. वाऱ्यावर तो चांगला उसवते."

प्रेरणा मॅडम हे पाहायला उशिरा आल्या. "पण दोष असा देता-घेता येत नाही!"

"काऊन?" गोजरबाईंनी विचारले. "लहान हाये का? हाये. मोजता येते का? शंभरात नऊ. अखत्यारीत हाये का? कागद पाहा, सही हाये. तीन महिन्यांत सुधरीन का? ते आमच्यावर सोडा."

मॅडमांनी आपले जाडजूड पुस्तक मागून-पुढून चाळले. दत्तक दोषाला मनाई करणारे वाक्य त्यात नव्हते. शेवटी त्यांनी पिवळ्या चिठ्ठीवर तो लिहून घेतला आणि दोन दिवस नुसते मोजा, असे सांगून त्या निघाल्या. आधी मोजल्याशिवाय सुधारायचे नाही, हा नियम त्यांनी दोनदा बजावला.

ठरल्याप्रमाणे गुरुवारी कट्ट्यांची शिवण निवडण विभागात आली. नायलॉनचा दोरा आणि दाभण घेऊन चार बाया बसल्या. पहिल्याच कट्ट्याला गोजरबाईंनी हात वर केला.

"हा टाका काय? याच्यातून म्हैस जाईन."

"मोठीमाय, दोन दिवस नुसतं मोजायचं हाये," समताने आठवण दिली.

"मोजा ना. मी कुठं अडवलं? पन टाका जवळ घे. अन् दोरा दुहेरी. अन् शेवटी गाठ मार, माणसासारखी."

पुढे त्यांनी स्वतःच दाभण हाती घेतले. मनातून त्या नुसते मोजण्याचाच निश्चय करीत होत्या. पण वाकडी शिवण समोर आली की त्यांचा हात त्यांना न विचारता पुढे होत होता. दुपारपर्यंत शंभर कट्टे झाले. इंद्रभानने एकेक उचलून आपटला. एकही उसवला नाही. कट्ट्यांना वाऱ्यावर ठेवून पाहिले, भागवतने एकाला लाथही मारली. शिवण जागची हलली नाही.

"किती?" प्रेरणा मॅडमांनी विचारले.

"शून्य," समता म्हणाली.

"मग आता सुधारणार काय? शून्याच्या खाली कसं जाणार?"

बातमी भरणी विभागात पोचली आणि शालूबाई उघड्या डोक्याने धावत आली. "सव्वा दिवस! सव्वा दिवस नाही जगवता आला माहा दोष! माह्यापाशी कसा धडधाकट होता! नऊ उसवत होते शंभरात!"

"शालू, मी त्याले काही केलं नाही."

"तुमी सुधरवलं त्याले! पोटचा नव्हता ना, म्हणून!"

"आता दहावा कधी ठेवता, बाप्पा?" भागवतने दारातून विचारले, पण गोजरबाईंची नजर वळताच त्याला यंत्रावरचे काम आठवले. शालूबाईने दुसरा दोष देण्यास साफ नकार दिला. ज्या घरात एक जगला नाही, त्या घरात ती दुसरा देणार नव्हती.

शुक्रवारी सकाळी प्रेरणा मॅडम स्वतःच निवडण विभागात येऊन ताडपत्रीवर मांडी घालून बसल्या. चार दिवसांत त्यांचाही धीर सुटत चालला होता. सहापैकी पाच विभागांचे प्रकल्प ठरले होते आणि अहवालात एक रकाना रिकामा दिसत होता.

"बाई, आपण दोष शोधायचा नाही. दोष नाही, याचंच मूळ शोधू. पाच काऊन मी तुमच्या बायांना विचारते. चालेल?"

"इचारा. सांग व समता, भेवू नको," गोजरबाईंनी हुकूम केला.

"या विभागातून खडा जात नाही. का?"

"आमी निवडल्यावर मोठीमाय मांगून पाह्यतेत," समता म्हणाली. "मूठ मूठ करून. सगळा कट्टा."

"का?"

समताने गोजरबाईंकडे पाहिले. गोजरबाईंनी मान हलवली.

"आमी पाह्यलेलं त्याईले पटत नाही."

बायांची बोटे सुपातल्या सुपात थांबली. मॅडमांनी हळूच विचारले, "याला वेळ किती लागतो?"

समताने वही उघडली. आला आणि गेला असे दोन रकाने तिने स्वतःच आखले होते. कोणी सांगितले नव्हते आणि कोणी पाहिलेही नव्हते. "आमचं निवडणं दोन तासांत होते. मंग कट्टा मोठीमायपुढं राह्यते. सोमवारचा गुरुवारी उठते. सरासरी एकाहत्तर तास. तोवर शालूमावशी अन् बाहेरच्या गाड्या बसून राह्यतेत."

"हे मले काऊन नाही सांगितलं?" गोजरबाईंचा आवाज चढला.

"हा तिसरा काऊन झाला," मॅडम पुटपुटल्या आणि त्यांनी तो लिहून घेतला.

"तुमी इचारलं नाही, मोठीमाय."

 गोजरबाईंना खरोखरच कधी विचारावेसे वाटले नव्हते. कट्टा समोर येई, हात आत जाई, डाळ बोटांतून खाली पडे आणि दिवस जाई. त्यांनी वही आपल्याकडे ओढली. "अन् मांगून पाह्यताना मले खडे किती सापडले, ते लिहिलं काय?"

"हाव."

"किती?"

"या सालात? एकही नाही. मांगच्या सालात एक होता, पन तो तुमच्या बांगडीतला काचेचा तुकडा निघाला."

कोणी हसले नाही. बाहेर भागवतचे यंत्र घरघरत होते. गोजरबाईंच्या मनात एकोणीस वर्षांचे गणित उलटेसुलटे होत राहिले. खडा जात नाही तो आपल्या नजरेमुळे, असे त्या मानीत आल्या होत्या. तो त्या मुठीआधीच, या सोळा जणींच्या सुपात अडत होता. आपण निवडीत होतो ती निवडून झालेली डाळ.

"मंग मी काऊन पाह्यतो?" त्यांनी विचारले. हा चौथा होता, पण मोजण्याचे भान मॅडमांनाही राहिले नाही.

कलाबाईने सूप खाली ठेवले. एकोणीस वर्षांत तिने गोजरबाईंना कधी उलट उत्तर दिले नव्हते. "तुमाले आवडते म्हणून, बाई. दुसरं काही कारण नाही. आमी बोलत नव्हतो, कारण तुमी पाह्यताना गुणगुणता, ते बरं वाटते."

"मी गुणगुणतो?"

"हाव," सोळा जणी एकदम म्हणाल्या.

पाचवा काऊन कोणी विचारला नाही. मूळ सापडले होते. प्रेरणा मॅडमांनी पिवळी चिठ्ठी आणि पेन ताडपत्रीवर ठेवले आणि त्या उठून गेल्या. लिहिले तर दोष आपला, आपल्या हाताचा, आपल्या आवडीचा, साऱ्या गावात जाहीर. न लिहिले तर सोमवारपासून शालूबाईपुढे. गोजरबाई त्या चिठ्ठीकडे दिवस मावळेपर्यंत पाहत बसल्या, आणि त्या दिवशी त्यांच्यापुढचे कट्टे तसेच पडून राहिले.

शनिवारी अकरा वाजता संचालक आले. अध्यक्ष भगवानराव मधल्या खुर्चीत बसले. ते नात्याने गोजरबाईंचे धाकटे दीर लागत आणि त्यांच्यासमोर शक्यतो सुपारी खात नसत. विभागप्रमुखांनी एकेक करून दोष मांडले. भागवतने वर्तुळ मांडले. इंद्रभानने दुपारच्या वाऱ्याने हलणारा काटा मांडला. शालूबाईने अकरातला एक मरण पावल्याचे जड अंतःकरणाने सांगून थोरला पुढे केला.

मग गोजरबाई उठल्या. चिठ्ठी त्यांच्या हातात होती, पण त्यांनी ती वाचली नाही.

"माह्या विभागात दोष हाये. एकच हाये. तो एकाहत्तर तासांचा हाये. निवडलेला कट्टा मी उगाच अडवून धरतो. एकोणीस साल झाले. कोणाचा उसना नाही, दत्तक नाही, माहा सोताचा हाये." त्यांनी गोदामावरून नजर फिरवली. "यांच्यातल्या कोणापाशी याहून मोठा दोष असीन तं त्यानं उभं राहावं."

कोणी उभे राहिले नाही. शालूबाईने आपले दहा दोष मनात मिळवून पाहिले आणि ती खुर्चीत आणखी खाली सरकली.

"पन वहिनी," भगवानराव भीत भीत म्हणाले, "पहिली कसोटी लहान असावा अशी हाये."

"लहान दोष लहान माणसाईनं करावे."

"आणि तो तुमच्या अखत्यारीत आहे?" मॅडमांनी विचारले.

"या गिरणीत माह्या अखत्यारीत नाही असं काय हाये?"

दोन कसोट्यांत पैकीच्या पैकी, तिसरीत संशयाचा फायदा आणि लहानपणात शून्य मिळूनही निवडण विभागाचा प्रकल्प सर्वांत वर आला. विभाग राहिला, आसन राहिले. प्रसेनजितने टाळ्या वाजवल्या, आणि उशिरा का होईना भगवानरावांनीही.

सोमवारी प्रकल्पाचा पहिला दिवस. कट्टा बायांकडून उठला की थेट भरणीला जायचा. गोजरबाईंनी मध्ये हात घातला तर समताने तक्त्यावर एक रेघ ओढायची. रेघा किती कमी होतात ते तीन महिने पाहायचे.

पहिला कट्टा आला आणि त्यांचा हात आत गेला.

"लिही," गोजरबाईंनी हुकूम केला.

दुसऱ्याला हात गेला. "लिही." तिसऱ्याला त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, आणि कट्टा पुढे सरकल्यावर मान लांबवून वास घेतला. "वासही लिही, समता. बेइमानी नको." साडेदहापर्यंत चौदा रेघा झाल्या. बायांचे ओठ दाबलेले होते, पण कोणी हसले नाही. प्रमुखाच्या दोषाचा मान राखणे त्या लवकर शिकल्या होत्या.

अकराच्या सुमारास शालूबाई कट्टा न्यायला आली. आजवर ती गुरुवारी यायची. कट्टा बांधून ठेवलेला होता, हात न लागलेला. तिने त्याच्या तोंडाला हात लावला आणि पुन्हा काढून घेतला.

"बाई, पाह्यला काय?"

"नाही. ने."

"तुमी पाह्यल्याबिगर?" शालूबाई जागची हलेना. "मले भेव वाटते बाई. एकदा नुसती मूठ घालून द्या ना. मी कोणाले सांगत नाही."

गोजरबाईंच्या बोटांना मांडीखाली मुंग्या आल्या होत्या. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला मागून हलकेच कोणी ढकलावे, तसे ते शब्द त्यांना वाटले. समताची पेन्सिल तक्त्यावर येऊन थांबली होती.

"शालू," त्या सावकाश म्हणाल्या, "या सोळा जणींनी पाह्यलेला कट्टा हाये. त्याईनं पाह्यला म्हणजे पाह्यला. उचल. तू उभी राह्यली तेवढा वेळही माह्याच नावावर चढून राह्यला."

कलाबाईच्या सुपातली डाळ नेहमीपेक्षा जरा उंच उडाली. शालूबाईने गोपालला हाक मारून कट्टा उचलला आणि वारंवार मागे पाहत ती निघून गेली. समताने वहीत दुसऱ्या रकान्यात वेळ टाकली: सोमवार, अकरा वाजून सात मिनिटे. सोमवारचा कट्टा सोमवारीच उठल्याची नोंद त्या वहीत कोठेही नव्हती.

"दाखव इकडं," गोजरबाई म्हणाल्या. त्यांनी वही हाती घेतली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, आकड्यावरून बोट फिरवले, पुन्हा घड्याळाकडे पाहिले, आणि वेळ बरोबर असल्याची खात्री करून वही परत दिली.

समताने ती घेतली आणि काही न विचारता तक्त्यावर पंधरावी रेघ ओढली.